आडवी वीज, उभी उष्णता

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळ्यांसमोर लाज गेली, आणि चूक माझीच असणार.

उष्णतेतून वीज काढणारे यंत्र बनवतात त्या यंत्रवाल्यांचे पत्र आले. डिसेंबरात मी त्यांच्या प्रयोगशाळेला आमच्या पदार्थाचे चाळीस ठोकळे पाठवले होते, प्रत्येक दोन मिलिमीटर उंचीचा. त्यांनी ते जोडून एक छोटा संच बनवला, वरची बाजू तापवली, खालची थंड ठेवली आणि निघालेली वीज मोजली. मी दिलेल्या आकड्यावरून जेवढी निघायला हवी होती तिच्या जेमतेम दोन तृतीयांश निघाली. पत्र चार ओळींचे आहे. शेवटची ओळ: "पदार्थाचा दर्जा तपासावा, ही विनंती."

सरांनी ते मोठ्याने वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला. "दशांशबाई, तीन-तीन दशांश स्थळं लिहिता आणि एक तृतीयांश वीज गायब? वाटेत कुठं सांडली?"

सगळे हसले. मीही हसले. या नावाचा मला राग येतो, पण ते मी कधी कुणाला सांगितलेले नाही.

नंतर केबिनमध्ये बोलावून सर चांगले बोलले. "हे बघ बाळा, ठोकळे पाठवायची घाई तू केलीस. मी नको म्हणत होतो. आपलं काम पदार्थाचं, यंत्र बनवणं हे आपलं काम नाही. आता नव्यानं भुकटी कर, नीट कर." खरे आहे. ते सहा महिने नको म्हणत होते आणि मीच मागे लागले होते. सत्तावीस मार्चला समितीपुढे माझे सादरीकरण आहे, ते पार पडले की प्रबंध जमा. पाच वर्षांचे काम, आणि ऐन वेळी माझ्या हाताने घाण केली.

७ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या प्रबंधाचा प्रश्न एका वाक्यात असा: तोच पदार्थ दोन पद्धतींनी बनवला तर कोणता जास्त वीज देतो? पदार्थ बिस्मथ आणि टेल्युरियमचा. एक पद्धत म्हणजे काचेच्या बंद नळीत वितळवून हळूहळू थिजवणे. दुसरी म्हणजे पोलादी गोळ्यांच्या गिरणीत दळून भुकटी करणे आणि ती गरम साच्यात दाबून चकती बनवणे. चांगल्या पदार्थातून वीज सहज जावी, उष्णता मात्र जाऊ नये. या दोन्हींचा मिळून एक गुणांक काढतात. ओतीव कांडीचा ०.८१ येतो, दळून दाबलेल्या चकतीचा १.४८. माझे अख्खे तिसरे प्रकरण या फरकावर उभे आहे. आणि आमच्या प्रयोगशाळेचे नाव विक्रमवीराच्या १.५२ वर. तो माझ्या आधीचा विद्यार्थी. दारावर त्याचा फोटो अजून आहे, खाली आकडा, त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत.

आज गिरणीचे भांडे तीनदा धुतले. गोळ्या एकेक करून पुसल्या. हवा आत शिरत असेल का, गोळ्यांचे लोखंड भुकटीत उतरत असेल का, माझे हातमोजे फाटले आहेत का, सगळे तपासले. एका हातमोज्याला सुईएवढे भोक सापडले, तेव्हा आनंद झाला. सापडला चोर म्हणून तिथल्या तिथे रडू आले. मग आठवले, हे मोजे मी जानेवारीत नवे काढले होते. ठोकळे डिसेंबरातले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

तीन नव्या भुकट्या, तीन चकत्या. १.४७. १.४९. १.४८.

म्हणजे भुकटी चांगली आहे. मग तिथे काय बिघडते?

यंत्रवाल्यांना फोन केला. तिथला गृहस्थ वैतागलेला होता. मी म्हटले, "आमच्याकडे तर गुणांक एक पॉइंट चारशे ऐंशी येतोय."

"ताई, तुमच्याकडे गुणांक येतो, आमच्याकडे वीज यावी लागते. गुणांकावर पंखा फिरत नाही."

"तुमचे जोड नीट आहेत ना? डाग कसा दिलाय?"

"दुसऱ्यांचे ठोकळे त्याच जोडांवर बरोबर चालतात. फक्त तुमचेच आजारी पडतात. बघा हवापालट करून."

फोन ठेवल्यावर अर्धा तास टेबलावरचे सगळे आवरत बसले. पेन्सिली उंचीप्रमाणे लावल्या. मला फार राग आला होता. पण त्या माणसाने खोटे काय सांगितले?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे कळले ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की माझा गैरसमज झाला.

नव्या चकत्या कापायला वर्कशॉपमध्ये गेले. तिथले करवतकाका अकरा वर्षे आमच्या प्रयोगशाळेचे नमुने कापतात. बारीक तारेची करवत आहे, पाण्याखाली चालते, केसाएवढी चूक होऊ देत नाहीत. तार चालू असताना ते बोलत नाहीत आणि बंद झाली की थांबत नाहीत.

मी सहज म्हटले, "काका, यंत्रवाले ठोकळे जोडतात तशीच कांडी मला द्या. म्हणजे त्यांच्यासारखंच मोजता येईल."

"तसंच म्हणजे?"

"म्हणजे वीज चकतीच्या वरून खाली जाईल अशी. उभी."

त्यांनी माझ्याकडे बघितले, मग चकती दोन बोटांत धरून माझ्या डोळ्यांसमोर आडवी केली. "ही किती जाड? दोन मिलिमीटर. तुला कांडी किती लांब लागते? दहा. दोनातून दहा उभे कसे काढू, सांग. ओढून लांब करू?"

"मग आम्ही एरवी..."

"एरवी आडवी. चकतीच्या अंगावर झोपलेली. अकरा वर्षं आडवीच कापतोय. तुमच्या लॅबमधून उभी कांडी आजवर कुणी मागितलीच नाही."

मी तिथेच स्टुलावर बसले.

आमच्याकडे वीज मोजतात ती कांडीवर, म्हणजे चकतीत आडवी. आणि उष्णता मोजतात लेझरच्या यंत्रावर. त्यात चकती तशीच ठेवतात आणि उष्णता वरून खाली, उभी जाते. दोन दिशा. एकाच सूत्रात. भुकटीचे कण पापुद्र्यासारखे असतात आणि दाबल्यावर ते एकमेकांवर आडवे झोपतात. पापुद्र्याच्या अंगाने वीजही सहज जाते आणि उष्णताही, आरपार दोघींनाही अडचण. आम्ही विजेला सोपी वाट दिली, उष्णतेला अवघड दिली, आणि गणित करताना वाट एकच असल्यासारखे वागलो. ओतीव कांडी लांब असते, तिच्यात दोन्ही मोजमापे एकाच दिशेने होतात. म्हणून बिचारीचा गुणांक खरा आणि कमी.

यंत्रात वीज आणि उष्णता एकाच वाटेने जातात. तिथे अशी निवड करता येत नाही.

काका म्हणाले, "पाणी पी. पांढरी पडलीस."

दुसऱ्या वर्षी मी सरांकडे उंच साचा मागितला होता. त्यांनी पाठीवर थोपटून सांगितले होते, "उंच साच्याला सहापट भुकटी लागते बाळा. वाया नको घालवूस. चकती पातळच ठेवायची, हा आपला नियम." तेव्हा मला वाटले होते, किती बारीक लक्ष आहे सरांचे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सरांना माहीत नसणार. त्यांना वेळ कुठे असतो! ही चूक आम्हा विद्यार्थ्यांची. विक्रमवीराची पहिली. त्यालाच सापडायला हवे होते, त्याने स्वतः कांड्या मोजल्या आहेत. फोटो काढून घेताना हसला होता कसा. आज दारातून आत जाताना त्या फोटोकडे बघवले नाही.

आणि मी? चार वर्षे मीही तेच केले. सगळे करत आले तेच करत राहिले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काकांनी भंगारातून एक जुना उंच साचा शोधून काढला, घासून दिला. मी सहापट भुकटी दळली, चार दिवस लागले. पहिला दंडगोल दाब काढताना मधोमध चिरला. तो कचऱ्याच्या डब्यात असा आपटला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावले. दुसरा नीट निघाला. घनता ९८.२ टक्के, म्हणजे आत पोकळी नाही. काकांनी त्यातून कांड्या काढल्या, आडव्या आणि उभ्या, आणि उष्णता मोजायला दोन्ही दिशांनी पातळ फोडी.

दोन्ही मोजमापे आडवी: १.०२.
दोन्ही उभी: ०.९८.
वीज आडवी, उष्णता उभी: १.४८.

तीनदा मोजले.

दळण्याने पदार्थ सुधारतो, हे खरे. ०.८१ चे १.०२ होतात. पाव पटीने सुधारतो. हे चांगले काम आहे, मेहनतीचे आहे. पाव पटीची मला लाज नाही. त्याच्यावर चढवलेल्या त्या बाकीच्या अर्ध्याची चीड येते. तो अर्धा कधी नव्हताच. मी चार वर्षे त्याची राखण केली, त्याचे आलेख काढले, समासात रंग भरले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सरांना तक्ता दाखवला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरे झाले असते.

"छान काम आहे," ते म्हणाले. "तुझ्या चौकसपणाचं मला नेहमीच कौतुक वाटतं. पण हे प्रबंधात नको."

"सर, मग तिसरं प्रकरण चुकीचं ठरतं."

"चुकीचं कसं? वीज मोजली, बरोबर मोजली. उष्णता मोजली, बरोबर मोजली. दोन बरोबर गोष्टींतून चूक कुठून आली?"

"दिशा वेगळ्या आहेत."

"दिशा लिहायची आपल्याकडे पद्धत नाही. अगं, निम्मं जग असंच मोजतं. तू फार विचार करतेस. घरात पहिलीच शिकलेली ना तू? असं होतं. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं असावं, असं वाटतं." मग माझ्यापुढे एक कागद सरकवला. नव्या शोधनिबंधाचा मसुदा, पहिले नाव माझे, शीर्षकात १.४८. "यावर सही कर. सादरीकरणाआधी पाठवून देऊ. समितीवरही छाप पडेल. आणि सही करायची नसेल तर तसं सांग. मग मलाही प्रबंधावर सही करताना विचार करावा लागेल. गाईडची सही नसेल तर प्रबंध जमा होत नाही, हे तुला ठाऊकच आहे."

मी कागद घेतला आणि "थँक्यू सर" म्हणाले.

थँक्यू! जिन्यात उभी राहून मी स्वतःच्या दंडाला चिमटा काढला, इतका की आता तिथे काळे-निळे झाले आहे. कशाबद्दल थँक्यू? हा शब्द तोंडात येतोच कसा आपोआप?

१ मार्च, रविवार

घरी गेले होते. जायला नको होते.

दुसऱ्या वर्षी एका परिषदेत माझ्या भित्तिपत्रकाला बक्षीस मिळाले होते, त्याचे प्रमाणपत्र आईने समोरच्या भिंतीवर लावले आहे. त्या पत्रकात गुणांक १.४५ होता. मी आईला म्हटले, ते काढून ठेव.

"का गं?"

"त्याच्यातला आकडा चुकीचा आहे."

"आकडा कुठंय त्याच्यावर? तुझं नाव आहे. नाव तर खोटं नाही ना?"

"आई, तुला नाही कळणार."

"नाही कळणार म्हणूनच लावलंय. कळलं असतं तर कपाटात ठेवलं असतं." आणि पदराने काच पुसून पुन्हा भाजी निवडायला बसली.

बाबा ऐकत होते. ते छत्तीस वर्षे कारखान्याच्या बॉयलरवर होते. बाबांना अक्षरे येत नाहीत, आकडे येतात. दर तासाला काटा बघून वहीत आकडा लिहायचा, म्हणून ते शिकले. शाळेत जाण्याआधी मला शंभरपर्यंत त्यांनीच शिकवले. त्यांना मी सगळे समजावून सांगितले, कागदावर पापुद्रे काढून. त्यांनी नीट ऐकले. मग म्हणाले, "सही करून मोकळी हो."

"बाबा, तो आकडा खोटा आहे."

"आकडा लिहिणाऱ्याचा नसतो बाळ. साहेबाचा असतो. मी छत्तीस वर्षं लिहिले."

"म्हणूनच छत्तीस वर्षं तुम्ही तिथंच राहिलात."

हे मी बोलले. जसेच्या तसे लिहून ठेवते आहे, पुढे मला सोयीस्कर विसर पडू नये म्हणून. बाबा उठले आणि मोरीतला नळ दुरुस्त करायला गेले. तो नळ गळत नव्हता. मी न जेवता पुढची बस पकडली. बसमध्ये सबंध दोन तास मला बाबांचाच राग येत होता. म्हणे साहेबाचा असतो!

५ मार्च, गुरुवार

विक्रमवीर आता एका कॉलेजात शिकवतो. मी न कळवता गेले. शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसला होता, पूर्वीपेक्षा जाड झाला आहे. मी तक्ता पुढे ठेवला. त्याने तो दहा सेकंद पाहिला. त्याला समजायला दहा सेकंद लागले, मला चार वर्षे.

"हे मला कशाला दाखवतेस?"

"१.५२ च्या निबंधावर पहिलं नाव तुझं आहे. दुरुस्ती तू पाठवलीस तर लोक ऐकतील."

"दुरुस्ती पाठवू आणि उद्या काय शिकवू? या नोकरीच्या मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला होता. १.५२ वाले तुम्हीच का?"

"पण तुला कधी विचारावंसं वाटलं नाही, कुठल्या बाजूनं मोजतोय ते?"

त्याने लाल पेनचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. "नाही विचारलं. काही गोष्टी त्या खोलीत विचारायच्या नसतात, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तुला नाही कळलं, त्यात माझा काय दोष?" मग आवाज चढला. "आणि तू मोठी शुद्ध! तुझ्या त्या बक्षिसाचं काय? आधी ते परत कर, मग माझ्या दारात ये."

बाजूच्या बाई कान टवकारून बसल्या होत्या. मी तक्ता उचलला. तशीच बाहेर पडले. येताना ठरवून आले होते की त्याला चांगले फैलावर घ्यायचे.

त्याला काय म्हणायचे होते? पहिल्याच वर्षी काय कळले होते त्याला?

८ मार्च, रविवार

दिवस वाया गेला. सादरीकरणाची आकृती अर्धवट असताना फाटकावरून निरोप आला की कुणी भेटायला आले आहे. बाबा. ते इथे याआधी कधीच आले नव्हते. हातात डबा. माझा मागच्या रविवारचा राग उतरला नव्हता, पण डबा घेतला. फाटकाबाहेरच्या बाकावर बसलो.

बाबा येणारी-जाणारी वाहने बघत होते. मग अचानक म्हणाले, "एकदा काटा अडकला होता."

"कसला काटा?"

"बॉयलरचा. चार दिवस एकाच जागी. मी साहेबाला सांगितलं. म्हणाले, बॉयलर बंद ठेवता येणार नाही, कालचाच आकडा लिही. लिहिला. चार दिवस लिहिला, दर तासाला. पाचव्या दिवशी नळी फुटली. माझा जोडीदार होता बघ, डावा हात खिशात ठेवायचा..."

"ते काका? त्यांचा हात घरी भाजला होता ना, स्टोव्ह भडकून?"

"तसंच सांगायचं ठरलं होतं." बाकावरची धूळ त्यांनी हाताने झटकली. "चौकशीला वही काढली. साहेबांचं नाव नव्हतं वहीत कुठंच. सगळे आकडे माझ्या हातचे."

मी म्हटले, "बाबा, एवढी जुनी गोष्ट. मी तेव्हा लहान असेन."

"तू शंभरपर्यंत शिकत होतीस."

मग उठले, बसची वेळ झाली म्हणाले. माझ्या कामाबद्दल, सहीबद्दल एक शब्द विचारला नाही. दोन तास येणे, दोन तास जाणे, आणि सांगितले काय, तर बॉयलरचे. फोनवर सांगता आले असते. आईने डबा तर कालच कुणाबरोबर तरी पाठवला होता. संध्याकाळी आकृती पूर्ण केली. तीन ओळी, तिन्हींत दिशा स्पष्ट लिहून.

मसुद्याचा कागद सही न करता सरांच्या पेटीत टाकला आहे.

२७ मार्च, शुक्रवार

समितीत तिघे: विभागप्रमुख मॅडम, सर आणि बाहेरून आलेले एक वृद्ध प्राध्यापक. ते पहिली वीस मिनिटे डोळे मिटून होते.

मी तक्ता दाखवला. सर मध्येच म्हणाले, "एक खुलासा करतो. मुलगी प्रामाणिक आहे, पण घाबरट. हा दंडगोल तिनं माझ्या परवानगीशिवाय भंगारातल्या साच्यात दाबला. आत भेगा असणार, म्हणून गुणांक पडलाय."

मी घनता सांगितली. फोडींचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो दाखवले. ज्या दंडगोलातून १.०२ येतो त्याच दंडगोलातून, दिशा मिसळल्या की १.४८ येतो, हे दाखवले. भेगा असत्या तर तोही पडला असता. आवाज चढू दिला नाही.

वृद्ध प्राध्यापकांनी डोळे उघडले. "यंत्रात वीज आणि उष्णता एकाच दिशेनं जातात ना?"

"हो, सर."

"मग तुम्ही एक घोडा रस्त्यावर पळवता, दुसरा चिखलात, आणि दोघांची मिळून एक शर्यत लावता? कमाल आहे." आणि सरांकडे वळून, "हे कधीपासून?"

"ही सर्वत्र रूढ पद्धत आहे," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "समितीला हा तक्ता मान्य असेल तर मी या प्रबंधावर सही करू शकत नाही."

मॅडमनी निर्णय सांगितला. तक्ता मान्य. गाईडची सही नाही, म्हणून प्रबंध जमा होणार नाही. मला गाईड बदलून मिळेल. नियमाप्रमाणे नव्या गाईडकडे किमान एक वर्ष. १.५२ च्या निबंधाविषयी समिती काही बोलू शकत नाही, तो तिच्या कक्षेत येत नाही.

म्हणजे मी बरोबर आहे आणि शिक्षाही मलाच.

नंतर मॅडमनी मला व्हरांड्यात गाठले. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं बरोबरच आहे गं. पण सांगण्यात जरा गोडवा हवा होता."

चाळीस मिनिटांत मी सहा वेळा "सर" म्हणाले, दोनदा "क्षमस्व". मी मोजले आहे. अजून किती साखर घालायची होती?

३० मार्च, सोमवार

परिषदेला पत्र लिहिले: भित्तिपत्रकातला गुणांक चुकीचा आहे, बक्षीस परत घ्यावे. १.५२ चा निबंध छापणाऱ्या मासिकालाही लिहिले, तक्ता जोडून. दुसरे पत्र पेटीत टाकल्यावर हलके वाटेल असे वाटले होते. तसे काही झाले नाही. सकाळपासून दात आवळलेले आहेत, जबडा दुखतो आहे.

विक्रमवीराला दोन्हींच्या प्रती पाठवल्या. त्याचे उत्तर आले, एकच ओळ: "आता ये माझ्या दारात." हा टोमणा आहे की निमंत्रण, मला कळत नाही.

आईला फोनवर सांगितले, अजून एक वर्ष. ती म्हणाली, "बरं." मग बाबांकडे फोन दिला. बाबा म्हणाले, "जेवलीस का?" आणि कधी नव्हे ते हसले. एका वर्षाचे नुकसान झाले यात हसण्यासारखे काय होते?

२ एप्रिल, गुरुवार

गाईड बदलण्याचा फॉर्म भरायला कार्यालयात गेले. माझ्या मागे सहा-सात जण रांगेत. फॉर्ममध्ये एक चौकोन: "बदलाचे कारण." पेन तिथे अडले.

खिडकीतल्या कारकून बाई म्हणाल्या, "वैयक्तिक लिहा. सगळे तेच लिहितात."

"पण वैयक्तिक नाहीये."

"अहो, कारण वाचतंय कोण? चौकोन रिकामा नसला म्हणजे झालं. आटपा, मागे रांग आहे."

मी चौकोनात लिहायला सुरुवात केली. जागा पुरेना, म्हणून कागद उलटून मागे लिहिले. "एकाच नमुन्यातील वीज आडव्या आणि उष्णता उभ्या दिशेने मोजून काढलेल्या गुणांकावर सही करण्यास मी नकार दिला." खाली नाव आणि तारीख.

बाईंनी ओठ हलवत वाचले. "हे काय? वीज आडवी म्हणजे?"

मी त्यांच्या टेबलावरचा पुठ्ठा घेतला, त्यावर पापुद्रे काढले, बाण काढले. रांगेतले दोघे पुढे येऊन बघू लागले. एक म्हणाला, "च्यायला, म्हणजे सोयीचं तेवढं उचललं." बाईंनी पुठ्ठा आपल्याकडे फिरवून नीट पाहिला. शिक्का उचलला, शाईच्या पेटीवर दाबला, आणि हात तसाच धरून मला विचारले, "आणि हे तुमच्या सरांना माहीत होतं?"

"ते मला माहीत नाही."

"विचारलं नाही?"

"नाही."

"हं," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

अर्धा जिना उतरून आले आणि थांबले. उंच साचा नको. ठोकळे पाठवू नको. चकती पातळच ठेव. त्या खोलीत विचारायच्या नसतात अशा गोष्टी. दोन महिने मी यंत्रवाल्यांचा राग केला, हातमोज्यांचा केला, विक्रमवीराचा, मॅडमचा, आईचा, बाबांचा. हा एक प्रश्न सोडून मी सगळ्यांशी भांडले.

परत वर गेले. सरांच्या केबिनचे दार उघडे होते, समोर दोन नवे विद्यार्थी उभे होते, त्यांच्या हातात पातळ चकत्यांची डबी. मी उंबऱ्यातूनच विचारले, व्हरांड्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "सर, तुम्हाला हे पहिल्यापासून माहीत होतं ना?"

त्या दोघांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग सरांकडे.

सर म्हणाले, "आधी आत ये. दार लावून घे."

मी दार लावले नाही.